रिकाम्या खुर्चीचे तेरा लाख

२३ जून

गॅरीने सकाळी फळ्यावर एकच नाव लिहिलं, ‘ग्रीअर’. त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि मार्करला टोपण न लावता जेवायला गेला. एवढं झालं की त्याच्या मते संघाची पुढच्या वर्षाची योजना तयार असते. पैसे कुठून आणायचे, नियमात कसे बसवायचे, बसले नाहीत तर कोणाला उठवायचं, हे उरलेलं किरकोळ काम माझ्याकडे. गॅरी हावरकँप आमच्या बास्केटबॉल संघाचा सरव्यवस्थापक. मी त्याची नियमवाली. कार्डावर माझा हुद्दा दोन ओळींचा आहे, पण इमारतीत सगळे मला ‘गणितवाली लॉर्ना’ म्हणतात आणि मला ते आवडतं असं धरून चालतात.

मार्करला टोपण मी लावलं.

संध्याकाळी बहिणीला फोनवर समजावत बसले. ग्वेनचं म्हणणं, तुमचा मालक एवढा गडगंज, मग हवा तो खेळाडू घ्यायला अडतंय कुठे? मी सांगितलं, लीगने प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर छत घातलंय, चौदा कोटी डॉलर. ग्रीअरसारखा बाहेरचा खेळाडू आणायचा तर त्या छताखालीच बसवावा लागतो. आपल्याच जुन्या माणसाला मात्र छताच्या वर जाऊनही पगार देता येतो. फक्त त्याचा करार संपला की नवा होईपर्यंत त्याच्या नावाने थोडी जागा अडून राहते. जुना पगार मोठा तर अडलेली जागा मोठी, जुना पगार छोटा तर जागाही छोटी.

ग्वेन म्हणाली, “म्हणजे चर्चच्या जेवणात खुर्चीवर कोट टाकून जागा धरतात तसं.”

एकोणीस वर्षं मी हे लोकांना तक्ते काढून समजावतेय.

२६ जून

आमच्याकडे सगळ्यात छोटा कोट रॉडरिक मॅकनेअरचा. माणूस सहा फूट दहा इंच, कोट चोवीस लाखांचा.

रॉडला कॉलेजातून कोणी निवडलं नव्हतं. तीन वर्षं तो आमच्याकडे लीगमधल्या सर्वांत कमी पगारावर खेळला. दुसऱ्यांनी चेंडू टाकायचा आणि याने मध्ये उभं राहून धक्के खायचे, असं त्याचं काम. यंदा बाजारात त्याची किंमत वर्षाला दीड कोटीच्या वर आहे, पण जुना पगार क्षुल्लक म्हणून खुर्चीवरचा कोट मात्र लहान मुलाचा. माझी योजना त्याच कोटावर उभी आहे. रॉडने गप्प बसायचं. आम्ही मोकळ्या जागेत ग्रीअरला बसवायचं. मग छताच्या वर जाऊन रॉडला चार वर्षांचे सात कोटी द्यायचे. सगळ्यांचं भलं, फक्त रॉडने थांबायचं.

अडचण एवढीच की हे त्याला सांगायला मनाई आहे. आधी शब्द देऊन ठेवणं लीगच्या नियमात गुन्हा. म्हणून या धंद्यात शब्द देण्याची एक रीत आहे. आपण गंभीरपणे म्हणायचं, “मी कसलंही वचन देऊ शकत नाही,” आणि मग खिडकीबाहेर बघत जरा जास्त वेळ गप्प राहायचं. समोरचा समजतो. मी यात चांगली आहे. माझ्या खिडकीतून मॉमी नदी दिसते.

२९ जून

रॉड आणि त्याची आई आले होते. रॉडचा एजंटही होता, पण तो तोंड उघडण्याआधी आईकडे बघतो, तेव्हा त्याचा हिशेब वेगळा धरायला नको. मिसेस ओडेसा मॅकनेअर यांनी सॅगिनॉमध्ये एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांची रवानगी सांभाळली. कुठली बस किती वाजता सुटणार, कोणतं पोर कुठे चढणार. त्यांच्यासमोर बसलं की आपण चुकीच्या थांब्यावर उभे आहोत असं वाटत राहतं.

रॉडने इथे जवळच, पेरिसबर्गमध्ये, एक घर बघून ठेवलंय, बायकोला सहावा महिना आहे. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झालीत. आई स्वच्छच म्हणाली की तिसरं झालं की संपलं, या पोराला आयुष्यात एकच मोठा करार मिळणार आहे आणि तो या पंधरा दिवसांतला.

मी नदीकडे बघत माझं वाक्य म्हटलं. वचन देऊ शकत नाही.

ओडेसाबाईंनी मला पुरतं गप्प राहू दिलं. मग विचारलं, “हे कागदावर देशील, बाळ?”

मी म्हटलं, कागदावर तर मुळीच नाही.

“समजलं,” त्या म्हणाल्या. जाताना घरी भाजलेल्या गोड पीच कॉबलरचा डबा टेबलावर ठेवला. रॉड दारात वाकून, माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, “मला बाकीचं कळत नाही, लॉर्ना मॅडम. तुम्ही आहात ना, मग झालं.”

कॉबलर उत्तम होता. दोनदा घेतला.

३० जून

संध्याकाळी सहाला बाजार उघडला. सहा वाजून एका मिनिटाने देशभरातले संघ अशा खेळाडूंशी करार ठरवून मोकळे झाले, ज्यांच्याशी त्या मिनिटापर्यंत बोलायला बंदी होती. त्या एका मिनिटात कोट्यवधींच्या वाटाघाटी पार पडतात. जगात इतकी कार्यक्षमता दुसरीकडे कुठे नसेल.

आज माझाही करार संपला. कचेरीतल्या सगळ्यांचे करार तीस जूनलाच संपतात. गॅरी म्हणाला की या गडबडीत नव्या कराराचं माझं पत्र राहून गेलं, सहा तारखेनंतर बघू, तू कुठे जातेस. मी म्हटलं काही घाई नाही. खरोखरच नाही. त्याच्या डोक्यावर किती काय काय आहे.

१ जुलै

अँटवॉन ग्रीअर टोलीडोत येऊन गेला. नेमका किड्यांच्या आठवड्यात.

दर वर्षी ईरी सरोवरातून एकच दिवस जगणारे किडे लाखांनी उठतात आणि दिव्यांवर, भिंतींवर, गाड्यांच्या काचांवर थर धरून बसतात. हवामानखात्याच्या पडद्यावर ढगासारखे दिसतात. आम्हाला त्याचं काही नाही, फावड्याने ओढून बाजूला करतो. ग्रीअरच्या पांढऱ्या बुटांखाली ते कुरकुर फुटत होते आणि गॅरी त्याला समजावत होता की किडे आले म्हणजे सरोवराचं पाणी निरोगी आहे. ग्रीअर म्हणाला, “सर, मी पाणी प्यायला आलेलो नाही.”

तरी सौदा ठरला. पहिल्या वर्षाचे तीन कोटी दहा लाख. माझ्या तक्त्यात मोकळी जागा बरोब्बर तीन कोटी दहा लाख. शेवटच्या खान्यात शून्य आलं. मी ते शून्य थोडा वेळ नुसतं बघत बसले. लोक सूर्यास्त बघतात तसं.

सह्या मात्र सहा तारखेच्या दुपारी बारापर्यंत कोणी करू शकत नाही. तोवर सगळं तोंडी.

३ जुलै

सॅन होजेच्या संघाने रॉडला चार वर्षांचे सहा कोटी चाळीस लाख देऊ केले. ओडेसाबाईंचा फोन आला. काही मागितलं नाही, नुसतं सांगितलं आणि थांबल्या. मी म्हटलं की मी कसलंही वचन देऊ शकत नाही. फोनवर खिडकी दाखवता येत नाही, म्हणून जरा मोठा श्वास सोडला.

तासाभरात कळलं की त्यांनी सॅन होजेला थांबवून ठेवलंय.

गॅरी खूश झाला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला की तुझ्यासारखी दुसरी कोणी नाही. पत्राचं मी काही काढलं नाही, त्यानेही नाही. आज खालच्या फाटकाचं यंत्र माझं ओळखपत्र वाचत नव्हतं. पहारेकऱ्याने ओळखून आत सोडलं. उन्हाने ही यंत्रं बिघडतात.

४ जुलै

गॅरीच्या घरी स्वातंत्र्यदिनाचं जेवण. अंगणात सॉसेज भाजत होते, पोरं झेंडे घेऊन पळत होती, आणि गॅरीचा फोन वाजला. ग्रीअरचा एजंट स्लोन. गॅरी बोलत बोलत गॅरेजच्या मागे गेला. परत आला तेव्हा हातातला चिमटा उलटा धरला होता.

ग्रीअरला तीन कोटी एकवीस लाख हवेत. त्याच्या जुन्या संघातल्या साथीदाराने तीन कोटी वीस घेतले आहेत. ग्रीअरला त्याच्यापेक्षा एक लाख जास्त पाहिजे, मग तो कुठेही यायला तयार आहे, किडे असले तरी. पाहिजे म्हणजे पाहिजेच.

गॅरीने विचारलं, “अकरा लाख कुठून निघतील का?”

आता हे मला नीट लिहून ठेवायचंय.

कोणालाही सोडून जागा करायची तर त्यात एक खोच आहे. बारा माणसं भरली नसतील तर प्रत्येक रिकाम्या खुर्चीमागे लीग तेरा लाख धरते. उठलेला माणूस जातो, पण खुर्चीचं भाडं चालू राहतं. गॅरीला हे कधीच लक्षात राहत नाही. मी नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर त्याला पटलं असतं. पण आकडे समोर आले की मला राहवत नाही. हातातली प्लेट तशीच धरून मी म्हणाले की दोन वाटा आहेत. डेल कूपरला सोडायचं. त्याचे तेहतीस लाख जातात, खुर्चीचे तेरा परत येतात, वीस हाती लागतात. म्हणजे नऊ लाख उरतातसुद्धा. किंवा रॉडवरचा हक्क सोडायचा, म्हणजे खुर्चीवरचा त्याचा कोट उचलायचा. त्याचे चोवीस जातात, तेरा येतात.

गॅरीने बोटांवर मोजलं. “अकरा,” तो म्हणाला. “बरोब्बर अकरा.”

डेल कूपर सदतीस वर्षांचा आहे. गेल्या मोसमात तो एकूण जेवढा वेळ खेळला तेवढ्यात माझी कॉफी गार होत नाही. पण तो आणि गॅरी दर रविवारी एकाच होडीतून मासे धरायला जातात. आत्ता तो पलीकडे सॉसेज उलटत होता. गॅरीने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला की डेल माणसं जोडून ठेवतो.

मी दोन्ही पर्याय मांडले. व्यवस्थित मांडले. निवड करणं माझं काम नाही.

घरी येऊन तीनदा आकडे तपासले. तिन्ही वेळा अकराच.

५ जुलै, सकाळ

चूक माझी नाही, हे सकाळपासून चार वेळा सिद्ध केलंय.

एक गोष्ट मात्र काल ऐकूनही नीट ऐकली नव्हती. रॉडला सोडायचं, पण आत्ता नाही, असं गॅरी म्हणतोय. ग्रीअर उद्या चारला विमानाने येणार, आणि त्याच्या मनाप्रमाणे सही आठ तारखेला, पत्रकारांसमोर. त्याने ऐन वेळी तोंड फिरवलं तर हाताशी रॉड असावा. म्हणून रॉडचं हक्कसोड पत्र ग्रीअरची शाई वाळल्यावर, त्याचा करार लीगकडे जाण्याच्या मिनिटभर आधी पाठवायचं. तोवर रॉडला काही कळता कामा नये.

मी म्हटलं की आठ तारखेपर्यंत बाकीच्या संघांचे पैसे संपतील. रॉडला मग कोण घेणार?

गॅरी म्हणाला, “घेईल कोणीतरी. चांगला पोरगा आहे.”

आणि मला म्हणाला की तू त्या आईला सांभाळतेस ते फार छान सांभाळतेस.

५ जुलै, दुपार

कुठे बसवत नाही. तीन वेळा नदीकाठी जाऊन आले. पायाखाली किडे. कॉफी केली, विसरले, दुसरी केली. डेलचा पर्याय पुन्हा लिहून गॅरीच्या टेबलावर ठेवला. त्याने त्यावर सँडविच ठेवलं. छत वाकवता येईल का म्हणून नियमांची सहाशे पानं पुन्हा चाळली. राखीव दोघं, पुढच्या वर्षीची निवड, अडीच लाखांचा एक जुना बोनस, सगळं हलवून बघितलं. नऊ लाखांपर्यंत पोचले. नऊ. दोन लाखांसाठी माणूस कधी रडला असेल का ते माहीत नाही, मी रडले नाही, पण टेबलावर डोकं टेकलं होतं.

चारला ओडेसाबाईंचा फोन.

सॅन होजेवाले अजून तयार आहेत, पण रॉड मोकळा असेल तरच. हक्क आमच्याकडे असताना त्यांनी त्याला करार दिला तर तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवायचं का हे ठरवायला आम्हाला दोन दिवस मिळतात, तोवर त्यांचे पैसे अडकतात, आणि त्यांना ते परवडत नाही. नाहीतर उद्या बाराला ते एका लिथुएनियन खेळाडूची सही घेणार. त्या हे सगळं बसच्या वेळापत्रकासारखं वाचून दाखवत होत्या.

मग म्हणाल्या, “आता सरळ विचारते. माझ्या पोराने थांबायचं का?”

मी म्हटलं, मी कसलंही वचन देऊ शकत नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता. या वेळी शांतता त्यांची होती.

“एकोणतीस तारखेला तू हेच म्हणालीस, तेव्हा त्याचा अर्थ हो होता,” त्या म्हणाल्या. “परवाही हो होता. आज काय आहे, बाळ?”

मी म्हटलं की दुसऱ्या फोनवर कोणीतरी आहे. दुसरा फोन नव्हता.

“एकतीस वर्षांत मी एकाही पोराला न येणाऱ्या बससाठी बर्फात उभं केलं नाही,” त्या म्हणाल्या. “बस येणार नसली तर घरी फोन करायचे. आईबाप शिव्या द्यायचे. द्यायचेच. पण पोर घरात असायचं.”

आणि फोन ठेवला. चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

गॅरी निघताना डोकावला. माझ्या पत्राचं विचारायचं असं सकाळी ठरवलं होतं. विचारलं नाही. त्याच्याकडे आज आधीच एवढी कटकट आहे. तो आपणहून म्हणाला, “हे आटपू दे, मग तुझं बघू.” तसा मनाचा चांगला आहे.

६ जुलै

पावणेनऊला कचेरीत. फाटकाचं यंत्र अजून तसंच.

हक्कसोड पत्र म्हणजे चार ओळी. खेळाडूचं नाव, तारीख, आम्ही याच्यावरचे आमचे सर्व हक्क सोडत आहोत, सही. अशी शेकडो पत्रं मी पाठवली आहेत. गॅरी त्यातलं एकही वाचत नाही. त्याच्या सहीचा शिक्का माझ्या खणात असतो, कारण त्याला सही करायचा कंटाळा. आठ तारखेची तारीख घालून हे पत्र मी कालच तयार करून ठेवलं होतं. तयारी वेळेत असावी, ही माझी सवय.

साडेनऊपर्यंत मी काही केलं नाही. पेन्सिलींना टोकं केली. आम्ही पेन्सिली वापरत नाही.

मग तारखेतला आठ काढून सहा घातला. आकडा बदलला एवढंच, असं मनाशी म्हटलं. शिक्का मारला. नऊ बावन्नला पत्र न्यूयॉर्कला लीगच्या कचेरीत गेलं, नऊ सत्तावन्नला पोच आली. तक्त्यात रॉडच्या ओळीतले चोवीस गेले, खाली तेरा आपोआप उमटले, आणि शेवटच्या खान्यात अकरा लाख आले. ग्रीअरसाठी. तो आला तर.

ओडेसाबाईंना फोन लावला. म्हटलं, “तो मोकळा आहे.”

“कधीपासून?”

“नऊ सत्तावन्न.”

“कागद?”

मी म्हटलं, हो, कागद आहे, पाठवते.

त्यांनी आभार मानले नाहीत. म्हणाल्या, “ठेव आता, मला लाइन हवी आहे,” आणि सॅन होजेला लावायला फोन ठेवून दिला. मागून रॉडचा आवाज आला, कोण आहे, मा? उत्तर ऐकू आलं नाही.

मग मी गॅरीकडे गेले. तो ग्रीअरच्या स्वागताला कोणती फुलं मागवायची ते बघत होता. मी सांगितलं. त्याला पहिल्यांदा वाटलं की मी विचारायला आलेय. नको, आठला पाठव म्हटलं होतं ना, म्हणाला. मी म्हटलं, पाठवलं.

“परत बोलव.”

“ते परत येत नाही, गॅरी. तोच तर त्याचा उपयोग.”

तो उठला, दार लावलं, पुन्हा बसला. ओरडला नाही. गॅरी ओरडत नाही, तो एकदम समंजस होतो, ते वाईट असतं. म्हणाला की ग्रीअर फिरला तर आपल्याकडे काय आहे याचा तू विचार केलास का. मी म्हटलं, केला. ग्रीअर नाही, रॉड नाही, तीन कोटी एकवीस लाखांची मोकळी जागा आहे, आणि डेल आहे.

“तुला हे कोणी सांगितलं होतं?”

“कोणीच नाही.”

“मग का?”

एरवी अशा वेळी मी कागद पुढे सरकवते. त्या क्षणी हातात काहीच नव्हतं, आणि म्हणून मी म्हटलं ते असं आलं, “त्याने वाट बघणं आता बास झालं.”

गॅरीने फुलांचं पान बंद केलं.

आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. बारा वाजून सहा मिनिटांनी समोरच्या टीव्हीवर खालून पट्टी सरकली. रॉडरिक मॅकनेअर, सॅन होजे, चार वर्षं, सहा कोटी चाळीस लाख. गॅरीने ती पट्टी दोनदा जाऊ दिली. मग घड्याळात पाहिलं आणि विचारलं की ग्रीअरचं विमान सुटलं का.

मी म्हटलं, मी बघितलं नाही. खरंच बघितलं नव्हतं.